उष्टी हवा

माझ्या पुतण्याच्या हाती एक पेरू आला की त्याचे दोन होतात. तो सुरी मागत नाही. सदऱ्याचं टोक पेरूवर ओढतो, कापडावरून कचकन चावतो आणि तुटलेला तुकडा माझ्या आजीपुढे धरतो. "मोठी आई, उष्टा नाही गं. चिमणीच्या दाताचा आहे." आजीला आता दात फारसे उरलेले नाहीत. ती तो तुकडा गालात धरून बराच वेळ घोळवत बसते आणि पोराकडे बघत राहते.

चिमणीचे दात मला आजीनेच शिकवले होते. शाळेतून येताना मैत्रिणीबरोबर आवळा वाटून खायचा, तर मध्ये कापड हवं. तोंडाचं तोंडाला लागत नाही आणि वाटून खाण्यातली गोडीही जात नाही. आमच्या घरात उष्टं हा शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडायचा. वाढायचा डाव उष्ट्या ताटाला लागू द्यायचा नाही, तोंड लावलेला पेला माठात बुडवायचा नाही, पाणी वरून प्यायचं. आणि बाळाला पहिला घास भरवायचा तो दिवस म्हणजे उष्टावण. जपणूक आणि माया एकाच शब्दात अशी नांदत होती की त्यांतली कुठली कुठे संपते ते कधी कळलं नाही.

अन्न उष्टं होतं, पाणी उष्टं होतं. हवा उष्टी होते असं मात्र कुणी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मी भिवंडीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. दरवर्षी श्वसनाचा धडा येतो. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकायला सांगते, निवळी दुधाळ होते, मुलं टाळ्या वाजवतात. फुप्फुसातून बाहेर आलेली हवा आत गेलेल्या हवेसारखी नसते, हे मी इतक्या वर्षांत किती मुलांना दाखवलं असेल! तरी आमच्या स्वतःच्या घरात रात्रभर काय चालतं, ते मला गेल्या आषाढात कळलं.

आमचं गाव अकलोली. तानसा नदीच्या काठावर, एका अंगाला वज्रेश्वरी, दुसऱ्या अंगाला गणेशपुरी. मुंबईला १८९२पासून पाणी पुरवणारं तानसा धरण याच नदीवर, वरच्या अंगाला. लोक आमच्याकडे येतात ते गरम पाण्याच्या कुंडांसाठी. पालघरकडून थेट राजापूरजवळच्या उन्हाळे गावापर्यंत कोकणात गरम झऱ्यांची एक रांगच आहे, त्यातले हे आमचे. गुडघे धरलेली माणसं येतात, अंगाला खाज असलेली येतात, नुसती देवदर्शनाला आलेलीही पाय बुडवून जातात. आषाढात नदी फुगली की काठची कुंडं गढूळ पाण्याखाली जातात, आणि गाव आपापल्या घरात जातं.

आमचं जुनं घर कारवीच्या कुडाचं होतं. वर कौलं. कुडाच्या फटींतून वारा यायचा, कौलांच्या सांध्यांतून चुलीचा धूर निघून जायचा. सगळा जायचा नाही, हेही सांगायला हवं. आईच्या छातीत जी घरघर आहे ती त्या चुलीने दिलेली आहे, त्यामुळे जुन्या घराचे गोडवे मला गाववत नाहीत. ते पाडून आम्ही स्लॅबचं घर बांधलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि पुढे बाबांच्या हट्टापायी ठेवलेली पत्र्याखालची ओटी. सरकत्या काचांच्या खिडक्या बसवल्या तेव्हा आजी म्हणाली होती, "आता पाण्याचा थेंब आत यायचा नाही." खरंच आला नाही. वाराही आला नाही.

घरात आठ माणसं. पावसाळ्यात बाबा ओटीवर झोपतात, दादा गोदामातल्या पाळीवरून कधीही येतो म्हणून पुढच्या खोलीत. बाकी सहा जण आतल्या दहा बाय बाराच्या खोलीत: आजी, आई, वहिनी, दोन मुलं आणि मी. भिंतीशी आजी, तिच्या कुशीत पुतण्या, पलीकडे वहिनी, मग पुतणी, मग आई, दाराशी मी. ही रांग कुणी ठरवली नव्हती. ज्याला ज्याच्याजवळ झोप लागते तो तिथे झोपतो. घराघरांत अशी एक रांग असते.

आवणीचे दिवस होते. दिवसभर चिखलात उभं राहून सगळ्यांची अंगं आंबलेली. झडीचा पाऊस, घरात दोऱ्यांवर ओले कपडे, वीज जाऊन येऊन. रविवारी रात्री पुतण्या आजीच्या मांडीवर डोकं ठेवून गोष्ट ऐकत होता. तेव्हा तो ठणठणीत होता. सोमवारी शाळेतून आला तो डोळे लाल करूनच. रात्री अंग तापलं, खोकला लागला. शाळेतल्या निम्म्या पोरांना पडसं होतं, त्यामुळे कुणाला काही विशेष वाटलं नाही. आजीने त्याला पोटाशी घेतलं. आणि खिडकीतून गार झोत येतोय, पोराला आणि म्हातारीला बाधेल, म्हणून उठून खिडकी मी लावली. काच नीट सरकवून, कडी घालून लावली. त्या कडीचा आवाज मला अजून आठवतो.

बुधवारी वहिनीला कणकण आली. गुरुवारी आजीला. शुक्रवारी मला, शनिवारी दादाला. शनिवारी रात्री आजी काहीबाही बोलायला लागली, तिला पोरगा ओळखू येईना. मी तिच्या छातीवर हात ठेवला आणि घड्याळ समोर धरलं. मिनिटाला बत्तीस श्वास. गावाच्या आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताई भर पावसात इरलं घेऊन आल्या. त्यांच्याकडे बोटाला लावायचं ऑक्सिमीटर होतं. २०२०च्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' म्हणून घरोघरी ताप आणि ऑक्सिजन मोजत फिरल्या होत्या, तेव्हापासून त्यांचा हात त्यावर बसलेला. आकडा ९१ आला. "आता थांबू नका," एवढंच त्या म्हणाल्या.

रुग्णालयात आजीला ऑक्सिजन लावला. नाकातला नमुना तपासला, इन्फ्लुएन्झा 'ए' निघाला, फुप्फुसाच्या एका बाजूला न्युमोनिया. पाच दिवस ती तिथे होती. बाकावर बसून मी, अंगात ताप असतानाच, फाइलच्या पाठीवर दिवसांचा हिशोब मांडला. या विषाणूला शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण दोन दिवस लागतात, कधी एक, कधी चार. आणि माणूस दुसऱ्याला आजार देऊ लागतो तो ताप येण्याच्या सुमारे एक दिवस आधीपासून. म्हणजे रविवारी रात्री, गोष्ट ऐकणारं ते पोर निरोगी दिसत होतं तेव्हाच, त्याच्या श्वासातून तो आजीच्या तोंडावर येत असणार. त्यानंतर पाच-सहा दिवस मोठी माणसं आजार पसरवत राहतात, लहान मुलं त्याहून जास्त. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. अंथरुणांची रांग आणि तापाची रांग जवळजवळ एकच होती.

जवळजवळ म्हणते, कारण वहिनीच्या कुशीला झोपणाऱ्या पुतणीला काहीच झालं नाही. तिला आधीच्या कुठल्या साथीने बळ दिलं असेल, किंवा विषाणू येऊन न कळवता गेला असेल. आईलाही झालं नाही. बाबा ओटीवर होते, तेही सुटले. एका घरावरून सिद्धान्त मांडू नये, हे मी मुलांना शिकवते. पण हिशोब मांडायला सुरुवात व्हावी, एवढं एक घर पुरेसं असतं.

असा हिशोब पूर्वीही घराघरांत मांडला गेला आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात १९४८पासून दहा वर्षं ऐंशीहून अधिक कुटुंबांच्या खोकल्या-पडशांची नोंद ठेवली गेली. त्यात दिसलं ते कुठल्याही घरातल्या बाईला वाचल्याशिवाय माहीत असतं: शाळेत जाऊ लागलेलं मूल आजार घरी आणतं, आणि बापापेक्षा आईला तो जास्त वेळा होतो. नाक कोण पुसतं, औषध पाजताना तोंडाशी तोंड कुणाचं असतं, रात्री उशाला कोण बसतं, यातच त्याचं उत्तर आहे.

आणि २०२०चा मार्च आठवतो. ९ तारखेला महाराष्ट्रातले पहिले कोविडचे रुग्ण पुण्यात सापडले, दुबईहून परतलेलं एक दाम्पत्य. दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी आणि त्यांना मुंबईहून पुण्याला आणणारा टॅक्सीचालक. घर आणि गाडी, दोन्ही काचा लावलेल्या जागा. ते आपल्यासमोर पहिल्या दोन दिवसांतच मांडून ठेवलेलं होतं. आपण मात्र पुढे कित्येक महिने भाज्यांच्या पिशव्या धूत बसलो, आणि घराच्या खिडक्या लावून घेतल्या.

आजी घरी आली ती अर्धी होऊन. खोकला दसऱ्यापर्यंत गेला नाही. एका संध्याकाळी तिचे पाय चेपत असताना ती म्हणाली, "आमच्या सासूबाई मानमोडीतून वाचलेल्या." मानमोडी म्हणजे १९१८ची इन्फ्लुएन्झाची साथ. आजीच्या सासूबाई तेव्हा सात-आठ वर्षांच्या. त्यांच्या घरात आधी भाऊ पडला, मग त्याला मांडीवर घेऊन बसलेली आई, मग आईला पाणी पाजणारी काकी. बायका एकीमागून एक गेल्या आणि पोरगी उरली. "जी पाणी द्यायला वाकायची, ती पुढची," आजी म्हणाली. सासूबाईंचं हे वाक्य तिने पन्नास वर्षं जपून ठेवलं होतं.

१९१८च्या जूनमध्ये ही साथ मुंबईत उतरली, गोदी आणि आगगाडीच्या वाटेने देशभर गेली. पावसाळा संपताना दुसरी लाट आली ती पहिलीहून कितीतरी भयंकर. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता, धान्य महागलं होतं, माणसं आधीच खंगलेली. देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली, काही अंदाज दोन कोटींच्या जवळ जातात. १९२१च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. आपल्या जनगणनेच्या इतिहासात असं एकदाच घडलं. पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या, आणि अभ्यासकांनी त्याची जी कारणं शोधली त्यांत सेवाशुश्रूषा हेही आहे. मुंबईत जातीच्या उतरंडीत तळाला ढकललेल्या हिंदूंमध्ये हजारी ६१ माणसं दगावली, युरोपियनांत हजारी आठच्या आसपास. विषाणू तोच. एकाला बंगल्यातली हवा होती, दुसऱ्याला चाळीतल्या खोलीतली, आणि पोटातही तेवढाच फरक.

हा आकडा वाचला त्या रात्री मला माझ्याच शब्दाची भीती वाटली. उष्टं. या शब्दाने माझ्या घरात चिमणीचे दात शिकवले, आणि याच मुळातून आलेल्या विटाळाने माणसांना पाण्यापासून तोडलं. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. कोविडच्या काळात आजारी माणसाच्या दारावर चिठ्ठी चिकटली की वाटेवरून जाणारे तोंड फिरवायचे, ते मी पाहिलेलं आहे. हवा उष्टी होते असं म्हणताना माणूस उष्टा ठरणार असेल, तर हा शब्द उच्चारूच नये.

पण मग डोळ्यांसमोर कुंड आलं. दिवाळीनंतरच्या एका पहाटे मी तिथे गेले होते. पूर ओसरून महिने झालेले, पाणी पुन्हा नितळ, आणि थंडीत त्यावरून वाफा निघत होत्या. पाच-सात माणसं पाण्यात बसलेली, कुठल्या कुठल्या गावांची, कुणाला काय दुखणं असेल कुणास ठाऊक. कुणी कुणाला बाहेर काढत नव्हतं. नियम दोनच: आधी अंग धुऊन उतरायचं, आणि आत साबण लावायचा नाही. बाकीचं काम पाणी स्वतः करत होतं. खालून नवं पाणी येत होतं, कडेने जुनं नदीकडे जात होतं. शेकडो माणसं उतरूनही ते पाणी चालतं, कारण ते थांबत नाही. ज्या दिवशी बाहेरची वाट तुंबेल, त्या दिवशी नियम कितीही पाळा, कुंडाचं डबकं होईल.

त्या पहाटे मी वाफेकडे बघत बसले. वारा पडला की ती पाण्यावर तरंगत राहायची, माणसांच्या डोक्यांभोवती गोळा व्हायची, एकाच्या तोंडावरून दुसऱ्याच्या तोंडावर जायची. झुळूक आली की क्षणात निघून जायची. आमच्या खोलीत रात्रभर हेच होत असलं पाहिजे, फक्त तिथे ते दिसत नाही. खोकल्यातले मोठे थेंब थोड्या अंतरावर जाऊन खाली पडतात. त्यांच्यापासून अंतर ठेवून, तोंडावर हात धरून वाचता येतं. बारीक कण वाळत हलके होतात आणि खोलीच्या हवेत मिनिटंच काय, तासन् तास राहू शकतात. अमेरिकेतल्या विल्यम वेल्स यांनी थेंब वाळण्याचं हे गणित १९३०च्या दशकातच मांडलं होतं. इन्फ्लुएन्झाचा विषाणू असा, की एक मिलिमीटरच्या रेघेवर दहा हजार शेजारी शेजारी मावतील. नुसतं बोलताना, गोष्ट सांगताना, झोपेत घोरतानाही असे कण निघतात. खोकलाच लागतो असं नाही.

मग मी शाळेच्या प्रयोगशाळेसाठी घेतलेलं एक छोटं मापक घरी आणलं. हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारं. बाहेरच्या हवेत तो दहा लाख भागांत सव्वाचारशेच्या आसपास असतो, आपण सोडलेल्या श्वासात सुमारे चाळीस हजार. म्हणजे खोलीतला आकडा चढला की समजावं, आपण एकमेकांनी वापरलेली हवा घेतोय. रात्री दार-खिडकी लावून सहा जण झोपलो. पहाटे उठून पाहिलं तर आकडा तीन हजारांवर गेलेला. गुणाकार-भागाकार केला. दर पंधरा-सोळा श्वासांतला एक अख्खा श्वास कुणाच्या तरी छातीतून आधी जाऊन आलेला होता. दुसऱ्या रात्री खिडकी वीतभर आणि समोरचं दार उघडं ठेवलं, पंखा हळू लावला. पहाटे आकडा आठशेच्याही खाली. शंभरात एक. वीतभर खिडकीने एवढा फरक केला. हे यंत्र विषाणू मोजत नाही, हवा किती साचली आहे तेवढं सांगतं. मला तेवढंच हवं होतं. उष्ट्या हवेला मोजमाप मिळालं होतं.

आता प्रश्न होता गारठ्याचा. आमच्याकडे गारठा बाधतो हे वेदवाक्य आहे. फ्लू गारठ्याने होत नाही, विषाणूने होतो. पण गारठ्यामुळे आपण दारं लावतो आणि विषाणूची सोय होते. आपल्याकडे या साथीचं शिखर बहुधा पावसाळ्यात येतं, काश्मीरसारख्या थंड प्रदेशात ते हिवाळ्यात येतं. जिथे ज्या ऋतूत माणसं आत कोंडली जातात, तिथे तो ऋतू त्याचा. हे एकच कारण नाही, पण आपल्या हातात असलेलं कारण हे आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६०च्या सुमारास शुश्रूषेवर पुस्तक लिहिलं, त्यात त्यांनी स्वच्छ हवेला सगळ्यात पहिली जागा दिली, आणि त्याच दमात रुग्णाला थंडी वाजू देऊ नये असंही बजावलं. ते वाचून मी पुस्तक मिटलं आणि रडले. गारठ्याला उत्तर घोंगडी होतं. मी खिडकी लावली होती.

आजीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बाय, तू मायेनंच लावलीस ना? मग झालं." झालं नव्हतं, पण तिने ते तिथे संपवलं.

यंदा चैत्र-वैशाखात आम्ही घराची तयारी केली. पावसाच्या आधी कौलं शाकारतात, तशी. आतल्या खोलीच्या खिडकीवर पुढे आलेला पत्रा लावला, म्हणजे झड आत येत नाही, आणि डासांसाठी जाळी बसवली. समोरच्या भिंतीत उंचावर एक झरोका फोडला. हवेला आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वाट समोरासमोर हवी, एकट्या खिडकीने तेवढं भागत नाही. हे कुंडाने शिकवलं. आजीला फ्लूची लस पावसाच्या आधीच दिली. आपल्या भागात साथ पावसाबरोबर येते, म्हणून ती उन्हाळ्यात घेणं बरं. दर वर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलतो. ती पूर्ण ढाल नाही, पण म्हाताऱ्या माणसाला रुग्णालयाच्या दारातून परत फिरवण्याइतकी ताकद तिच्यात बऱ्याचदा असते. वाफाऱ्याचं भांडं मुलांपासून दूर ठेवलं. वाफेने नाक मोकळं वाटतं, विषाणू मरत नाही, आणि उकळतं पाणी सांडून पोरं भाजतात.

वहिनीला मी श्वास मोजायला शिकवलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८०च्या दशकाच्या अखेरीस गावातल्या माणसांना आणि दायांना मुलांचा न्युमोनिया ओळखायला शिकवलं, औषध द्यायला शिकवलं, आणि मुलं वाचली. आकडे साधे आहेत. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेत असेल, दोन महिने ते वर्षाचं पन्नास, वर्ष ते पाच वर्षांचं चाळीस, तर थांबायचं नाही. मोठ्या माणसात तीसच्या आसपास गेले, ऑक्सिजन ९४च्या खाली आला, माणूस असंबद्ध बोलू लागला, तरीही थांबायचं नाही. वहिनीने हे आकडे स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवले आहेत, दुधाच्या हिशोबाच्या शेजारी.

आणि सेवेची पाळी ठरवली. आता आजारी पोराच्या उशाला रात्रभर एकटी वहिनी बसत नाही. दादा बसतो, तोंडाला मास्क लावून, खिडकीकडे पाठ करून. वारा त्याच्याकडून पोराकडे आणि झरोक्यातून बाहेर. "जी वाकायची ती पुढची," हे वाक्य निदान आमच्या घरापुरतं तरी आम्हाला खोडायचं आहे. मला ठाऊक आहे, ही सगळी चैन ज्याच्याकडे दुसरी खोली आहे, ओटी आहे, त्याची आहे. धारावीत १ एप्रिल २०२०ला पहिला रुग्ण सापडला, तेव्हा घरातल्या घरात वेगळं राहा म्हणणं शक्यच नव्हतं. दहा बाय दहाची खोली आणि वस्तीचं सामायिक शौचालय. तिथे आजारी माणसांची सोय शाळांत, सभागृहांत करावी लागली. हवा ही घरमालकीवर ठरणारी गोष्ट असू नये. पाण्यासाठी आपण भांडलो, तसं खिडकीसाठीही भांडावं लागेल. घरकुलाच्या नकाशात, शाळेच्या वर्गात, यंत्रमागाच्या शेडमध्ये आणि तिथेच शेडच्या माळ्यावर झोपणाऱ्या कामगारासाठी.

यंदाचा आषाढ आला. तसाच पाऊस, तसाच चिखल, तशीच आवणी. दुसऱ्या आठवड्यात पुतण्या शाळेतून शिंकत आला. या वेळी कुणी काही बोललं नाही. त्याने आपणच उशी उचलली आणि ओटीवर आजोबांशेजारी नेली. तापाचे तीन दिवस तिथे काढले, घोंगडीत गुरफटून, पागोळ्यांचा आवाज ऐकत. बाबा त्याला गोष्टी सांगायचे. आजी आत खिडकीशी बसून तीच गोष्ट मध्ये मध्ये दुरुस्त करायची, कारण बाबांना ती अर्धवटच येते.

चौथ्या दिवशी पाऊस थोडा उघडला. परसातल्या पेरूला पावसाळी बार धरलेला. पोरगा कुणाचं न ऐकता जाऊन एक पेरू घेऊन आला आणि खिडकीबाहेर उभा राहिला. मी आतून बघत होते. सवयीने त्याचा हात सदऱ्याच्या टोकाकडे गेला, पेरूवर कापड आलं, आणि तो थांबला. पेरू पुसून त्याने जाळीच्या कडेने आत सरकवला.

"मोठी आई, अख्खा घे. चिमणीला सर्दी झालीये."

आजीने विळी मागवली. पेरू मधोमध चिरला, एक फोड मीठ-तिखट लावून वाटीत घातली आणि वाटी खिडकीतून बाहेर दिली. उरलेली फोड तिने हातात धरली. खिडकी उघडीच होती. ती आत खात होती, तो बाहेर.